पै-पैची बँक : मॅगी वॉकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे देण्याची प्रथा जुनी आहे. राण्या, संत स्त्रिया, समाजसेविका, डॉक्टर, लेखिका अशा अनेकींची ओळख या पानांतून होऊन गेली. यंदा चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी जरा निराळी वाट धरावयाचे ठरविले. ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे त्यांनी राज्य केले नाही की रणांगणही गाजविले नाही. दुसऱ्यांचे कपडे धुऊन संसार चालविणाऱ्या एका आईची ती मुलगी. तिने बँक काढली, एकतीस वर्षे सांभाळली, आणि भल्याभल्यांच्या बँका धडाधड बुडाल्या त्या काळातही ती उभी ठेवली. त्यांचे नाव मॅगी लेना वॉकर. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड हे त्यांचे गाव. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिचे अध्यक्षपद चालविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री अशी त्यांची नोंद इतिहासात झालेली आहे. परंतु पहिलेपणाचा मान हा नशिबाचा भाग असतो. ज्या माणसांचा पैसा कोणी पैसा म्हणून मोजत नव्हते त्यांचा पैसा या बाईंनी मोजला, हे मला अधिक मोलाचे वाटते.

मॅगीचा जन्म 15 जुलै 1864 रोजी झाला. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध चालू होते आणि गुलामगिरी टिकावी म्हणून लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची राजधानी रिचमंड हीच होती. आई एलिझाबेथ ही पूर्वी गुलाम असलेली स्त्री. एलिझाबेथ व्हॅन ल्यू नावाच्या एका श्रीमंत गोऱ्या बाईंच्या वाड्यात ती स्वयंपाकघरात काम करी. या व्हॅन ल्यूबाई गुलामगिरीच्या कट्टर विरोधक, आणि युद्धात त्यांनी रिचमंडमध्ये राहूनच उत्तरेच्या सरकारसाठी हेरगिरी केली. ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही. मॅगीचे जन्मदाते वडील आयरिश वंशाचे गोरे गृहस्थ होते. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी लग्न करणे त्या राज्यात कायद्यालाच मंजूर नव्हते. पुढे आईने त्याच वाड्यातील कारभारी नोकर विल्यम मिचेल यांच्याशी लग्न केले. त्यांना एका मोठ्या हॉटेलात मुख्य वाढप्याची नोकरी लागली, गल्लीतील लहानसे का होईना स्वतःचे बिऱ्हाड झाले, धाकटा भाऊ जॉनी जन्मला. चार बरे दिवस आले असे वाटत असतानाच 1876 साली मिचेल यांचे प्रेत जेम्स नदीत सापडले. सरकारी पंचनाम्यात आत्महत्या लिहिली गेली. आईने ते कधीच मानले नाही. आपल्या नवऱ्याचा खून झाला असेच ती म्हणत राहिली.

दोन लहान मुले पदरात घेऊन या बाईने धुणे धरले. गोऱ्यांच्या घरचे मळके कपडे आणावयाचे, धुवावयाचे, कांजी करून इस्त्री मारावयाची आणि घडी करून पोहोचवावयाचे. बारा वर्षांची मॅगी ते गाठोडे, ती टोपली घेऊन गोऱ्यांच्या दारोदार जाई. बरोबर भावालाही सांभाळी. घरोघरचे दिवाणखाने तिने पाहिले ते मागल्या दाराने. धुण्याचे पैसे कसे मिळतात, किती उशिरा मिळतात आणि त्यातून दोन नाणी बाजूला टाकावयाची तर ती ठेवावयाची कोठे, या प्रश्नांचे शिक्षण तिला शाळेच्या आधी या टोपलीने दिले.

पैसे ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न त्या लोकांपुढे किती भयंकर होता हे समजून घेतल्यावाचून पुढचे काही नीट कळणार नाही. आपल्याकडे 1873 साली जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात हा ग्रंथ निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिकडे त्या मुक्त झालेल्या लोकांवर एक नवे संकट कोसळले. 1865 साली, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने, नुकत्याच सुटलेल्या गुलामांसाठी एक बचत बँक निघाली होती. 'फ्रीडमन्स बँक' असे तिला म्हणत. गावोगावी तिच्या शाखा होत्या, रिचमंडलाही होती. सरकारचे नाव पाहून लोकांना ती सरकारचीच बँक वाटे. जन्मात प्रथमच हाती आलेली मजुरी लोकांनी तेथे नेऊन ठेवली. कारभार मात्र बहुतांशी गोऱ्या विश्वस्तांच्या हाती. प्रारंभी ठेवी सरकारी रोख्यांत सुरक्षित असत. 1870 साली कायदा बदलून तो पैसा कर्जाऊ देण्याची मोकळीक मिळाली आणि तो सट्टेबाजांच्या व ओळखीच्या बड्या मंडळींच्या घशात गेला. 1873 ची व्यापारी मंदी आली आणि 1874 च्या जूनमध्ये बँकेला टाळे लागले. एकसष्ट हजारांहून अधिक ठेवीदार, आणि बुडीत रक्कम सुमारे 30 लाख डॉलर. काहींना वर्षानुवर्षे वाट पाहून थोडेबहुत परत मिळाले, पुष्कळांना काहीच नाही.

मॅगी तेव्हा सुमारे दहा वर्षांची होती. ज्या पिढीत ती वाढली तिला बँक हा शब्दच कडू झाला होता. पैसा उशीखाली ठेवावा तर चोराचे आणि आगीचे भय. गोऱ्यांच्या बँकेत न्यावा तर तेथे चार नाण्यांच्या ठेवीला आणि काळ्या हातांना मान नाही. तेथे ठेवलाच तरी त्या पैशातून घर बांधावयाला कर्ज मिळे ते दुसऱ्यांना. अडीनडीला उरे तो सावकार. पै-पै साठविणारी माणसे होती, साठविण्याची बुद्धीही होती. त्या पैशाला राखणदार नव्हता.

मॅगी शाळेत हुशार निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेतून, ती 1883 साली उत्तीर्ण झाली. पदवीदानाच्या वेळी एक प्रसंग घडला. गोऱ्या मुलामुलींचा समारंभ शहराच्या नाट्यगृहात होई आणि काळ्या मुलांचा चर्चमध्ये. कर आमचेही आईबाप भरतात, मग आम्हांला नाट्यगृह का नाही, असा मॅगीच्या वर्गाने आक्षेप घेतला आणि चर्चमध्ये जावयाचे नाकारले. नाट्यगृह मिळाले नाही ते नाहीच. अखेर समारंभ शाळेच्याच सभागृहात झाला. पुढे तीन वर्षे तिने शिक्षिकेची नोकरी केली. 1886 साली आर्मस्टेड वॉकर यांच्याशी विवाह झाला. ते विटांच्या बांधकामाचा धंदा करणारे, घरचे बरे होते. लग्न झालेल्या बाईने शाळेत शिकवावयाचे नाही असा नियम असल्यामुळे नोकरी सुटली. तीन मुलगे झाले, त्यांपैकी मधला तान्हेपणीच गेला.

येथून आपण त्यांना मॅगीबाई म्हणू, कारण त्यांचे सार्वजनिक जीवन येथून सुरू होते. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्या 'इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक' या संस्थेच्या सभासद झाल्या होत्या. आपण तिला सेंट ल्यूक संघ म्हणू. बाल्टिमोर शहरातील मेरी प्राउट नावाच्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या हातून या कार्याची सुरुवात झाली होती. सभासदाने ठरावीक वर्गणी द्यावयाची. आजारपण आले की संघाने मदत करावयाची, आणि मृत्यू आला तर अंत्यविधीचा खर्च उचलावयाचा. आपल्याकडील भिशी आणि धर्मादाय फंड यांची मोट बांधली तर जे होईल तसेच काहीसे. यात एक गोष्ट महत्त्वाची असते. भिशीत प्रत्येकीला प्रत्येकीची परिस्थिती ठाऊक असते. कोणी चुकत असेल तर ती का चुकते हेही ठाऊक असते. बँकेत हीच ओळख नसते. मॅगीबाईंनी पुढे जे केले ते थोडक्यात सांगावयाचे तर भिशीतील ओळख त्यांनी बँकेत नेली, पण हिशेब मात्र बँकेचाच ठेवला.

संघात त्या पायरी पायरीने वर चढल्या. आजाऱ्यांची विचारपूस करणे, शाखांच्या सभा घेणे, नोंदी लिहिणे, ही सगळी कामे त्यांनी केली. 1895 साली त्यांनी मुलांची शाखा काढली. लहानपणापासून शिलकीची सवय लागावी हा त्यातील एक हेतू. 1899 साली संघाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले ते मानाचे म्हणून आले नाही. संस्था बुडण्याच्या बेतात होती. पेटीत शिल्लक 31 डॉलर 61 सेंट आणि देणे 400 डॉलर! आधीच्या चिटणीसांनी काम सोडले होते. त्यांना जो पगार होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर मॅगीबाईंनी ते पद स्वीकारले. बाई म्हणून कमी पगार, हे दुखणे किती जुने आहे ते पाहावे.

त्यांनी प्रथम गावोगाव फिरून सभासद वाढविले. मग 1901 साली, संघाच्या वार्षिक अधिवेशनात, त्यांनी आपली योजना मांडली. संघाचे स्वतःचे वर्तमानपत्र असावे, स्वतःचे दुकान व कारखाना असावा, आणि स्वतःची बचत बँक असावी. आपल्याच लोकांचे चिल्लर नाणे एकत्र करावे, ते आपल्याच लोकांना व्याजाने द्यावे आणि त्याचे फळ आपल्याच घरी यावे, असा एकूण विचार. विशेषतः बायकांना काम मिळावे यावर त्यांचा कटाक्ष होता. रिचमंडमधील कृष्णवर्णीय बाईला त्या काळी फार थोड्या वाटा मोकळ्या होत्या. दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक, धुणे, मुले सांभाळणे, नाही तर तंबाखूच्या कारखान्यात पाने सोलणे. शिकलेली असली तर शिक्षिका, तीही लग्न होईपर्यंत.

1902 साली 'सेंट ल्यूक हेरल्ड' हे पत्र निघाले. बँकेच्या बाबतीत मात्र त्यांनी घाई केली नाही, आणि या चरित्रातील मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. त्या रिचमंडमधील गोऱ्यांच्या एका मोठ्या बँकेत, मर्चंट्स नॅशनल बँकेत, रोज काही तास याप्रमाणे कित्येक महिने जाऊन बसल्या आणि बँकेचा व्यवहार शिकल्या. वय तेव्हा एकोणचाळीसच्या घरात, पदरी मुले, संघाची चिटणिशी डोक्यावर. मोठ्या सभांपुढे बोलू शकणाऱ्या बाईंनी कारकुनाशेजारी बसून खतावण्या समजून घ्याव्यात, याला मी मोठेपणा समजते. चांगल्या हेतूने निघालेली संस्था हिशेबाच्या अज्ञानाने बुडते, हे आपण स्त्रियांनी वर्गणी जमविताना नेहमी लक्षात ठेवावयास हवे. फ्रीडमन्स बँकेच्या ठेवीदारांचेही हेतू चांगलेच होते. त्यांच्यापैकी कोणाला खतावणी पाहावयाला मिळत नव्हती, एवढेच.

2 नोव्हेंबर 1903 रोजी संघाच्या नव्या इमारतीत 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. पेनी म्हणजे तिकडचा एक सेंट, डॉलरचा शंभरावा हिस्सा. बँकेच्या नावातच हा सर्वांत लहान पैसा बसविला होता. पहिल्या दिवशी सुमारे 280 लोकांनी खाती उघडली आणि आठ हजार डॉलरांहून अधिक ठेव जमली. संघाच्या शाखांनीही आपापले पैसे आणून भरले. एका ठेवीदाराने त्या दिवशी फक्त 31 सेंट भरले. त्याचे, की तिचे, नाव मला सांगता येत नाही; पण ही 31 सेंटांची ठेव इतिहासात राहिली आहे. ते खाते इतर खात्यांसारखेच उघडले गेले. मॅगीबाई अध्यक्ष झाल्या. रोखपाल म्हणून एमेट बर्क या अनुभवी गृहस्थांना त्यांनी नेमले. आपल्याच शहरातील दुसऱ्या एका कृष्णवर्णीयांच्या बँकेत ते काम शिकलेले होते. संचालक मंडळात स्त्रिया होत्या, कचेरीत स्त्रिया होत्या. धुणे करणाऱ्या बायका खिडकीशी येत तेव्हा त्यांना मान वर करून बोलता येई, कारण पलीकडच्या बाजूला त्यांच्यातलीच कोणीतरी बसलेली असे.

मुलांसाठी त्यांनी लहान पेट्या वाटल्या. पेटीत एकेक पेनी टाकावयाची आणि शंभर जमल्या, म्हणजे डॉलर पुरा झाला, की बँकेत येऊन खाते उघडावयाचे. शंभर पेन्या साठविलेले पोर आपल्या पायांनी बँकेत येते, आपले नाव पुस्तकात लिहिलेले पाहते, ही गोष्ट फार मोठी आहे. ज्यांच्या आजोबांचे नाव मालकाच्या गुरावासरांच्या यादीत लिहिले जात असे त्यांचे हे नातू.

पण नुसती ठेव स्वीकारली म्हणजे बँक झाली असे नाही. ठेवीला व्याज द्यावयाचे तर पैसा फिरता पाहिजे, आणि तो कोणाकडे फिरतो यावरच गरिबांची बँक आणि गरिबांच्या पैशावर चालणारी बँक यांतील फरक ठरतो. मॅगीबाईंच्या बँकेने हा पैसा घरांसाठी दिला. भाड्याच्या खोलीत पिढ्या काढणाऱ्या कुटुंबांना घर गहाण ठेवून कर्ज द्यावयाचे आणि ते हप्त्याहप्त्याने फेडून घ्यावयाचे. 1920 सालापर्यंत सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांना या बँकेच्या मदतीने स्वतःचे घर घेता आले. दुसरी बँक ज्यांना दारात उभे करीत नव्हती अशीच ही कुटुंबे होती. धुणे-भांड्यातून साठलेला पैसा शेजारणीच्या घराच्या भिंती उभ्या करीत होता. मॅगीबाईंचे यजमान बांधकामाच्या धंद्यातील असल्यामुळे घराची किंमत काय आणि फसवणूक काय, हे घरातच कळत असावे असे मला वाटते.

मॅगीबाईंचे सर्वच उद्योग साधले असे समजू नये. 1904 साली रिचमंडच्या ट्रॅम कंपनीने काळ्या उतारूंना वेगळे बसविण्याचा नियम केला. लोकांनी ट्रॅमवर बहिष्कार टाकला आणि मैलोगणती पायी चालू लागले. मॅगीबाईंच्या 'हेरल्ड'ने आणि जॉन मिचेल यांच्या 'प्लॅनेट' पत्राने तो उचलून धरला. आधीच कर्जात बुडालेल्या कंपनीचे काही महिन्यांत दिवाळे निघाले, पण नियम गेला नाही. 1906 साली तो उलट राज्याचा कायदाच झाला. 1905 साली ब्रॉड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या पेठेत, त्यांनी 'सेंट ल्यूक एम्पोरियम' हे मोठे दुकान काढले. आपल्या बायकांना मानाने खरेदी करता यावी आणि आपल्या मुलींना विक्रीचे काम मिळावे म्हणून. गोऱ्या दुकानदारांनी प्रथम पैसे देऊन त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, मग घाऊक व्यापाऱ्यांवर दडपण आणून माल मिळेनासा केला. तेवढ्यावरही भागले असते, परंतु आपलेच लोक पुरेसे तेथे गेले नाहीत. सहा-सात वर्षांत दुकान बंद झाले. शेजारच्या दुकानी तोच माल दोन पैशांनी स्वस्त मिळाला तर मैत्रीण आणि तत्त्व दोन्ही विसरली जातात, याचा अनुभव कोणत्या मंडळाला नाही?

बँक मात्र टिकली, आणि ती टिकण्याचे कारण शोधण्यासारखे आहे. रिचमंडमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतरही बँका होत्या. 'ट्रू रिफॉर्मर्स' या संस्थेची बँक तर मॅगीबाईंच्या बँकेच्या आधीची आणि मोठी. ती 1910 साली बुडाली. संस्थेचे धंदे आणि बँकेचा पैसा यांची सरमिसळ झाली होती, अफरातफरही झाली होती. जॉन मिचेल यांची बँक 1922 साली बुडाली. ट्रू रिफॉर्मर्सच्या सुमारासच व्हर्जिनिया राज्याने बँकांची तपासणी कडक केली आणि अशा संघांनी आपली बँक वेगळी करावी असा दंडक घातला. मॅगीबाईंना ते सोपे गेले नसेल. संघ आणि बँक ही त्यांचीच दोन लेकरे. तरी 1911 साली त्यांनी बँक संघापासून वेगळी केली आणि 'सेंट ल्यूक बँक अँड ट्रस्ट कंपनी' असे तिचे नाव झाले. तपासनीस आला की त्याच्यापुढे ठेवता येतील अशा खतावण्या त्यांच्याजवळ होत्या. मर्चंट्स बँकेत घालविलेले ते महिने येथे कामास आले असे मी म्हणेन.

घरात मात्र दैवाने त्यांना फार सोसावयास लावले. 1915 सालच्या जून महिन्यात, एके रात्री, घराभोवती चोर फिरतो आहे असे समजून थोरला मुलगा रसेल याने बंदूक झाडली आणि ती गोळी त्याच्या वडिलांना लागली. आर्मस्टेड वॉकर जागीच गेले. रसेलवर खुनाचा खटला झाला. एका डोळ्याने नवऱ्याचा शोक करावयाचा आणि दुसऱ्याने मुलाला फाशीपासून सोडवावयाचे, अशी त्या बाईंची अवस्था झाली. मुलगा निर्दोष सुटला, पण मनाने तो पुन्हा उभा राहिला नाही; 1923 साली तोही गेला. संघातील काही मंडळींनी हीच वेळ साधून त्यांना पदावरून दूर करण्याची खटपट केली. सभासदांनी ती चालू दिली नाही. वैधव्यात, कोर्टकचेऱ्यांत, लोकांच्या कुजबुजीत, त्यांचे कचेरीत जाणे सुटले नाही. पुढची अनेक वर्षे मुले, सुना, नातवंडे आणि म्हातारी आई असे मोठे कुटुंब त्यांच्या लेह स्ट्रीटवरील घरात एकत्र नांदत होते. घर वाढवीत वाढवीत पंचविसांहून अधिक खोल्यांचे झाले होते. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण व्हावी असेच ते घर.

1920 साली अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. मॅगीबाई आपल्या भगिनींची नावे मतदार यादीत लावण्यासाठी झटल्या. 1921 साली राज्याच्या शिक्षणखात्याच्या मुख्य पदासाठी त्या निवडणुकीलाही उभ्या राहिल्या. हरणार हे ठाऊक होते, आणि त्या हरल्या. संघाचे काम मात्र वाढतच होते. ज्या पेटीत 31 डॉलर होते त्या संघाचे 1924 च्या सुमारास वीसहून अधिक राज्यांत एक लाख सभासद झाले होते.

त्यांचे शरीर थकत चालले होते. 1907 साली पडून गुडघ्याला दुखापत झाली होती, त्यात मधुमेहाची भर पडली आणि 1928 पासून त्या चाकाच्या खुर्चीला खिळल्या. घरात पाळणा, म्हणजे आताची लिफ्ट, बसवून घेतला. मोटारीत खुर्ची चढेल अशी व्यवस्था करून घेतली. आणि काम चालू ठेवले. त्यांची शेवटची मोठी कसोटी याच खुर्चीत बसून झाली. 1929 च्या अखेरीस अमेरिकेत जी महामंदी आली तिच्यात 1930 ते 1933 या काळात नऊ हजारांच्यावर बँका बुडाल्या. मॅगीबाईंनी वेळीच ओळखले होते की लहान बँकेने एकटीने उभे राहण्याचे दिवस संपले. रिचमंडमधील आणखी दोन कृष्णवर्णीय बँकांशी बोलणी करून त्यांनी आपली बँक त्यांच्याशी जोडली आणि 'कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट कंपनी' ही एकच बँक निर्माण झाली. सेंट ल्यूक हे नाव गेले. अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेले, मॅगीबाई संचालक मंडळाच्या प्रमुख राहिल्या. आपल्या हाताने ठेवलेले नाव पुसून ठेवीदारांचा पैसा वाचविणे हे संस्थापकाला सर्वांत जड जाते. आपल्याकडील कित्येक संस्था या एका गोष्टीपायी मोडल्या आहेत. 1933 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवून तपासल्या. कन्सॉलिडेटेड बँक त्यातूनही सहीसलामत बाहेर पडली.

15 डिसेंबर 1934 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मॅगीबाई मधुमेहाच्या विकाराने वारल्या. त्यांची बँक त्यांच्यामागे सत्तर वर्षे कृष्णवर्णीयांच्याच मालकीची राहिली. 2005 साली ती एका बाहेरच्या बँकसमूहाने विकत घेतली आणि पुढे काही वर्षांत तिचे नावही नाहीसे झाले. लेह स्ट्रीटवरील घर 1978 साली अमेरिकेच्या सरकारने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. कपाटे, पुस्तके, खुर्च्या, बहुतेक सामान कुटुंबाने जपून ठेवलेले असल्यामुळे घर अजून त्यांच्या वेळचेच वाटते असे म्हणतात. त्यांना पुरले त्या एव्हरग्रीन दफनभूमीत मात्र पुढे रान माजले होते; अलीकडच्या काळात स्वयंसेवकांनी ते हळूहळू तोडून काढावयास घेतले. 2017 च्या जुलै महिन्यात रिचमंड शहराने त्यांचा उभा पुतळा बसविला. तो ब्रॉड स्ट्रीटवर आहे. ज्या रस्त्यावर एम्पोरियम चालू दिले गेले नाही, तोच हा रस्ता.